ब्रेथ ऑफ द वाइल्ड : तलवार उगाच सुळावर चढतेय

चकवा

निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या गेमचं नाव काढलं की कुणी ना कुणी "सगळं झकास, पण त्या तलवारी मोडतात हो!" म्हणून गळा काढतोच. ३ मार्च २०१७ ला गेम आला तेव्हापासून हे रडगाणं चालू आहे. मध्ये त्याचा पुढचा भाग 'टिअर्स ऑफ द किंगडम' येऊन गेला, तरी थांबलेलं नाही. माझ्या मते ओपन वर्ल्डमध्ये आजही याच्या तोडीचा गेम नाही. म्हणूनच त्यातल्या खोटी नीट काढाव्यात असं वाटतं. आणि नीट काढायच्या तर तलवारीला आधी सोडवलं पाहिजे.

सुरुवातीच्या पठारावरचा बोकोब्लिन राक्षसांचा तळ आठवा. हातात झाडाची फांदी. ती चार फटक्यांत तुटते. मग त्यांच्याच हातून पडलेला सोटा उचलायचा, तोही गेला की वरून दगड लोटायचा, नाहीतर लाल पिंप पेटवून द्यायचं. मोडताना शेवटचा घाव दुप्पट बसतो, म्हणून झिजलेलं शस्त्र सरळ फेकून मारायचं. पहिल्या तासातच हातातली वस्तू गेली तरी डोकं चालवून निभावतं, हे गेम तुम्हाला शिकवतो. तलवार मोडत नसती तर यातलं काहीएक केलं नसतं. एका बटणावर अख्खा गेम काढला असता.

आता तोच तळ पुढे, गेम बराच खेळून झाल्यावर. कवटीवाली पेटी कुलूपबंद आहे, सगळे मेल्याशिवाय उघडणार नाही. तुम्ही लढता, दोन-तीन चांगली शस्त्रं खर्ची घालता. कुलूप निघतं. लिंक (आपला नायक) पेटीला लाथ घालतो, सूर वाजतो, आत नाइट्स ब्रॉडस्वर्ड. आणि खाली ओळ येते की पिशवीत जागा नाही. तलवार परत आत, झाकण बंद. मेन्यू उघडा, एखादी अर्धी झिजलेली टाकून द्या, पुन्हा पेटीला लाथ घाला, पुन्हा तोच सूर ऐका. एवढं करून हाती काय लागलं? जे खर्च झालं तेच, बहुतेक वेळा थोडं कमीच.

हिशोबच मांडतो. लाल बोकोब्लिनला १३ हिट पॉइंट (म्हणजे जीव), निळ्याला ७२, काळ्याला २४० आणि चंदेरीला ७२०. रॉयल ब्रॉडस्वर्डची ताकद ३६, टिकाऊपणाही ३६ घावांचा. म्हणजे एका चंदेरी बोकोब्लिनला समोरासमोर झोडपायचं तर २० घाव, एकट्यावर निम्म्याहून जास्त तलवार खलास. आणि तळावर ते तीन-चार असतात. शिवाय तुम्ही जितके शत्रू माराल तितके गेम आतल्या आत गुण धरत जातो आणि लाल-निळ्यांच्या जागी काळे-चंदेरी आणून बसवतो. शस्त्रंही बरी मिळायला लागतात हे खरं, पण त्यांच्या हिट पॉइंटच्या वेगाने नाही. शहाणा माणूस काय करेल? तळाला वळसा घालून जाईल. ज्या गेमने सुरुवातीला लढायची गोडी लावली तोच पुढे न लढण्याचं शहाणपण शिकवतो. खरा दोष मला इथे दिसतो. मोडणं ठीक होतं, मोडण्याच्या बदल्यात जे मिळतं ते ठीक नाही.

आणि हे तळापुरतं नाही. या जगात कुठेही गेलात, काहीही शोधलंत तरी शेवटी तीनच गोष्टी हाती येतात : मोडणारं शस्त्र, कोरोकचं बी (लपलेली रानभुतं देतात, त्याने पिशवी वाढते) नाहीतर श्राइन (कोड्यांचं छोटं देऊळ). श्राइन १२०, बिया ९००. उजाड बेट असो, धबधब्यामागची गुहा असो, बर्फातला सुळका असो, या तिनापलीकडे जवळपास काही नाही. अपवाद आहेत. ते तीन चक्रव्यूह, ज्यांत बार्बेरियन चिलखताचा एकेक भाग ठेवलाय. चिलखत मोडत नाही. तिथून बाहेर पडताना आपण काहीतरी कमावलं असं वाटतं. दुसरा अपवाद इव्हेंटाइड बेट. पाय ठेवताच अंगावरचं सगळं काढून घेतात आणि पठारावरचा पहिला तास पुन्हा जगायला लावतात. मोडकी शस्त्रं तिथे किती मजा आणतात बघा.

तर, तुमच्या मते खरी खोट कुठली? 'तलवार मोडते' एवढाच प्रतिसाद द्यायचा असेल तर कृपया वरचं पुन्हा वाचा.

रिकामटेकडी

तलवार मोडते.

(गंमत केली, मारू नका.)

माझा राग पावसावर आहे. कडा चढतेय, स्टॅमिनाचं चाक शेवटच्या लाल तुकड्यावर, माथा दोन हातांवर, आणि टप टप टप. चार-पाच पकडी झाल्या की लिंक घसरलाच. चढायचं ते तीन चिलखतांचं चढाईचं जोडपं (तीन भागांचं जोडपं म्हणावं का, असो) घातलं तरी घसरणं थांबत नाही, ते फक्त वेग वाढवतं.

पाऊस असू नये असं मी म्हणत नाही. पावसात पावलांचा आवाज दबतो, शत्रूच्या मागे सहज जाता येतं. विजेचे बाण जास्त पसरतात. हे सगळं मस्तच आहे. पण थंडी घ्या. तिच्यावर किती उपाय आहेत : गरम कपडे, तिखट घालून केलेलं जेवण, हातात मशाल, किंवा पाठीला नुसती फ्लेमब्लेड (आगीची तलवार) अडकवली तरी ऊब मिळते! वीज पडायला लागली तर धातूचं सगळं काढून ठेवा, नाहीतर धातूची तलवार शत्रूच्या पायाशी टाका आणि गंमत बघा. प्रत्येक संकटाला पाच वाटा, ही या गेमची खासियत. पावसात चढायचं असेल तर वाटा किती? कड्याखाली आडोसा शोधा, शेकोटी पेटवा, सकाळ होईपर्यंत बसा. किंवा रिव्हालीचं वादळ (उंच उडवणारी शक्ती) मिळालं असेल तर ते वापरा. संपलं. गेम इथे स्वतःचाच शब्द मोडतो.

झोराच्या गावाकडे जाताना सतत पाऊस ठेवलाय तो मात्र मला पटतो. तिथे चढून शॉर्टकट मारता येऊ नये, त्या वाटेने चालतच जावं, म्हणून तो आहे. कारण दिसतं. बाकी ठिकाणचा पाऊस नुसता आडवा येतो.

पाथरवट

चकवा, हिशोब सुरेख मांडलात, पण मला निष्कर्ष पटत नाही. तुम्ही पेटीत काय आहे ते मोजताय. हा गेम पेटीसाठी बांधलेलाच नाही.

२०१७ च्या जीडीसीमध्ये (गेम बनवणाऱ्यांची परिषद) फुजिबायाशी, डोहता आणि ताकिझावा या तीन निर्मात्यांनी या गेमच्या बांधणीवर भाषण दिलं होतं. आधी त्यांनी १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखा दिसणारा टूडी नमुना बनवला आणि त्यात कल्पना तपासून पाहिल्या. 'केमिस्ट्री इंजिन'चे तीन नियम सांगितले. आग, पाणी, वारा, वीज ही तत्त्वं वस्तूची अवस्था बदलतात. तत्त्वं एकमेकांचीही अवस्था बदलतात. वस्तू मात्र वस्तूची अवस्था बदलू शकत नाही. एवढ्यावर सगळा खेळ. म्हणून गवत पेटवलं की गरम हवेचा झोत वर जातो, त्यात पॅराग्लायडर उघडला की तुम्ही वर, वरून धनुष्य ताणलं की काळ मंदावतो, आणि खालच्या बोकोब्लिनच्या हातातला लाकडी सोटा तोपर्यंत स्वतःच पेटलेला. हे कुणी क्वेस्ट म्हणून लिहून ठेवलेलं नाही. ते तुमच्या हातून घडलं, हाच मोबदला.

जपानमधल्या सीईडीईसी परिषदेत त्याच वर्षी त्यांनी त्रिकोणांची गोष्टही सांगितली. डोंगर, टेकडी, मोठा खडक, सगळी भूरचना त्रिकोणी. त्रिकोण दिसला की माणूस ठरवतो, वरून जाऊ की वळसा घालू. आणि चढताना त्रिकोणामागचं हळूहळू उघडं पडतं : टॉवर, तळ, घोड्यांचा तबेला. तुम्ही निघालेले असता एकीकडे आणि पोचता भलतीकडे. हे ज्याला भावलं त्याला माथ्यावर काय ठेवलंय याने फारसा फरक पडू नये.

आणि कोरोकचं म्हणाल तर पिशवीतले सगळे स्लॉट (जागा) वाढवायला ४४१ बिया पुरतात. उरलेल्या कुठेही गेलात तरी काहीतरी सापडावं म्हणून पेरून ठेवल्यात. नऊशेच्या नऊशे गोळा करणाऱ्याला बिया घेणारा कोरोक हेस्तू जे 'बक्षीस' देतो ते बघितलंत ना? सोन्याचा तो वेटोळा! निर्माते सरळ सरळ हसतायत.

घुबड

त्या वेटोळ्याला बक्षीस म्हटल्याबद्दल निषेध. :)

सगळे शस्त्रावर आणि पावसावर बोलतायत, जेवणाबद्दल कुणीच बोलत नाही. समोर लायनल हा तगडा राक्षस उभा, तुमचा पाव हार्ट (जीव) उरलाय. प्लस दाबा, गेम थांबला, निवांत बसून पाच ताटं हाणा, उठा, लढा. खायला वेळ लागत नाही, मर्यादा नाही, शत्रू थांबून बघतो. त्यातून एकच हार्टी ड्यूरियन शिजवला तरी सगळे हार्ट भरून वर चार जादा मिळतात. पाच एकत्र टाकलेत तर वीस जादा. म्हणजे दोनच शक्यता : एका फटक्यात मेलात तर मेलात, नाहीतर तुम्ही अमर. लढाईतला सगळा जीव इथे जातो. तलवारीवर इतका कडक हिशोब ठेवणाऱ्या गेमने जेवणावर काहीच ठेवू नये, हे मला कधीच कळलं नाही.

आणि ते शिजवायचं तरी कसं! मेन्यूत जा, एकेक जिन्नस हातात धरा, बाहेर या, कढईत टाका, नाच बघा, पुन्हा मेन्यूत. काय घालून काय झालं होतं त्याची वही नाही. 'टिअर्स'मध्ये पाककृतींची यादी दिली, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

झुळूक

पाथरवटांच्या मुद्द्याला अर्धं अनुमोदन. त्रिकोणांची जादू खरी आहे, पण ती पहिल्यांदा खेळताना. दुसऱ्यांदा खेळायला बसलं की चकवांचा मुद्दा समोर येतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकले ते चार डिव्हाइन बीस्ट, म्हणजे आत शिरून सर करायची प्राण्यांच्या आकाराची महाकाय यंत्रं. बाहेरून एक हत्ती, एक सरडा, एक पक्षी, एक उंट, प्रत्येकाकडे जाण्याची वाट वेगळी आणि थरारक. वाळवंटात सीलने ओढलेल्या ढालीवर उभं राहून नॅबोरिसच्या (त्या उंटाच्या) विजांमधून घुसायचं तो प्रसंग तर अफाट. आणि आत? तोच तपकिरी रंग, तेच पाच टर्मिनल, शेवटी खलनायक गॅननचंच कुठलं तरी भूत. कुठलाही आधी करता यावा म्हणून चारही एकाच अवघडपणाचे ठेवावे लागले, हे समजतं. पण एकाच रंगाचे ठेवायची सक्ती कुणी केली होती? शक्तीची परीक्षा घेणाऱ्या श्राइनांचंही तेच. वीसेक आहेत आणि सगळ्यांत एकच छोटा गार्डियन (यंत्र-सैनिक), फक्त हातातली हत्यारं कमीजास्त.

शेवटही तसाच. चारही बीस्ट सोडवले तर कॅलॅमिटी गॅननची निम्मी ताकद लढाईआधीच उडते. म्हणजे जो खेळाडू मेहनत करून आलाय त्यालाच सगळ्यात सोपी लढाई. मग मैदानात तो डार्क बीस्ट. घोड्यावर बसून गोल फिरायचं, चमकणाऱ्या जागी प्रकाशाचे बाण मारायचे. दिसतो भव्य, पण हरणं जवळपास अशक्य.

मोठ्या गेमांना हे दुखणं असतंच म्हणा. 'विचर ३' २०१५ चा, त्यातल्या कथा अजून कुणाला ओलांडता आल्या नाहीत, पण नकाशावर स्केलिगेच्या समुद्रात तरंगणारी ती प्रश्नचिन्हं आठवा. होडी, पिंपं, सायरन, पुन्हा होडी. 'एल्डन रिंग'मध्ये शस्त्र मोडत नाही, जे मिळतं ते कायमचं, पण दहाव्या कॅटाकोम्बमध्ये ओळखीचाच बॉस उभा. 'रेड डेड २'मध्ये मोकळ्या रानात वाटेल ते करा, मिशन सुरू झालं की आखलेल्या वाटेवरून जरा हललात तरी फेल. प्रत्येकाची खोट वेगळ्या जागी.

चकवा

पाथरवट, जीडीसीचं भाषण मीही पाहिलंय आणि त्याच्या प्रेमात आहे. म्हणूनच भांडतोय. त्रिकोण मला माथ्यावर ओढून नेतो, मान्य. पण माथ्यावर एकटा दगड असतो. तो उचलला की "याहाहा!" पहिल्यांदा हसू येतं, पुढेही बराच काळ येतं. मग एक दिवस खालूनच एकटा दगड दिसतो आणि वर न जाताच कळतं काय आहे ते. कमळाच्या पानांचं वर्तुळ दिसलं, कळलं. तीन सारखी झाडं दिसली, कळलं. त्रिकोणाने जे कुतूहल पेरलं ते बक्षिसाने मारलं. तुमचे निर्माते हसत असतील, हसू देत. पण नऊशे जागी एकच विनोद सांगितला आहे त्यांनी.

आणि मास्टर स्वर्डकडे बघा. १३ हार्ट जमवल्याशिवाय ती उपटता येत नाही. एवढी तपश्चर्या करून मिळालेली ती एकमेव कायमची तलवार, ताकद ३०, गार्डियनसमोर आणि किल्ल्यात ६०. ती मोडत नाही, 'थकते' आणि दहा मिनिटांनी परत येते. परिणाम काय होतो? लोक ती जपून ठेवतात आणि झाडं तोडायला, खनिजं फोडायला वापरतात, कारण ती फुकटात भरून येते. दंतकथेतली तलवार आणि काम कुऱ्हाडीचं!

रिकामटेकडी, पावसाचं तुमचं म्हणणं माझ्या मूळ मुद्द्यापेक्षा सरस आहे. "प्रत्येक संकटाला पाच वाटा" हे मोजमाप लावलं की घुबडांचं जेवणही त्यात बसतं : तिथे एकच वाट आणि ती कायम उघडी.

नवशिक्या

मी अजून खेळलो नाहीये, 'टिअर्स' घ्यावा की 'ब्रेथ' या विचारात आहे. इतक्या शिव्या वाचून 'टिअर्स'च बरा वाटतोय. त्यात हे सगळं सुधारलंय का?

झुळूक

शिव्या नाहीत हो, लाडाने बोलतोय.

बरंच सुधारलंय. १२ मे २०२३ ला आलेल्या 'टिअर्स'मध्ये फ्यूज आहे : कुजकी तलवार घ्या, तिला लायनलचं शिंग जोडा, झालं भारी हत्यार. यामुळे चकवांचा हिशोब उलटतो. चंदेरी बोकोब्लिन मारला की त्याचं शिंग मिळतं, आणि ते शिंग पुढच्या तलवारीची ताकद होतं. लढलात तर काहीतरी कमावता. पेटी उघडताना पिशवी भरली असेल तर तिथल्या तिथे एक हत्यार टाकता येतं. पावसासाठी बेडकाचं चिलखत आहे, तिन्ही भाग दोनदा वाढवून पूर्ण घातलं की घसरणं बंद, आणि चिकट काढाही आहे.

नवीन खोटी मात्र आल्या. सोबत चालणाऱ्या ऋषींची शक्ती वापरायची तर भर लढाईत त्यांच्या मागे धावत जाऊन ए दाबायचं. आणि ए तर वस्तू उचलायलाही लागतो! शत्रू मेला, त्याचं शिंग पडलं, उचलायला गेलात, वारा सोडणारा ऋषी ट्युलिन मध्ये उभा. फूऽऽ. शिंग दरीत. शिवाय चारही मंदिरांनंतर तीच कहाणी जवळपास त्याच शब्दांत पुन्हा ऐकायची, कारण कुठलं आधी कराल ते त्यांना माहीत नाही.

पाथरवट

नवशिक्या, 'ब्रेथ'पासूनच सुरू करा. हायरूलचा नकाशा दोन्हींत तोच आहे. पहिल्यांदा पठाराच्या कडेवर उभं राहून तो बघायचा तर 'ब्रेथ'मध्ये बघा. 'टिअर्स' आधी खेळलात तर उडती यंत्रं बनवायची सवय लागते, मग परत येऊन डोंगर हातांनी चढायची इच्छा राहत नाही.

आणि सेटिंगमध्ये जाऊन प्रो मोड लावा. कोपऱ्यातला छोटा नकाशा जातो, हार्ट तेवढे राहतात. त्रिकोण तेव्हा खरे काम करतात.

रिकामटेकडी

+१, प्रो मोडला तर खासच. आणि सगळ्या पेट्यांच्या मागे लागू नका. पिशवीत एक जागा कायम रिकामी ठेवा, निम्मी चिडचिड तिथेच संपते.

टॅरी टाउनची क्वेस्ट मात्र सोडू नका. चकवांची ती तीन बक्षिसांची यादी खोटी पाडणारी माझ्या मते ती एकच. रिकाम्या जागी एकेक माणूस आणून गाव वसवायचं, आणि गाव बांधणाऱ्या कंपनीच्या नियमानुसार प्रत्येकाचं नाव 'सन'ने संपलं पाहिजे. शेवटी लग्न आहे. अशा दहा असत्या तर हा धागा निघालाच नसता.

नवशिक्या

ठरलं, 'ब्रेथ'. एकच शेवटची शंका : सुरुवातीला गंजलेल्या तलवारी खूप सापडतात म्हणे. ठेवायच्या की टाकायच्या?

घुबड

दोन-तीन ठेवा. डेथ माउंटनच्या भागात खडकात लपणारे ऑक्टोरोक असतात, ते तोंडाने हवा ओढून घेतात. त्या वेळी गंजकी तलवार समोर टाका. गिळतो, चावतो आणि चकचकीत करून तोंडावर फेकतो. बाजूला व्हा, नाहीतर लागते. गेममध्ये हे कुणीही धड सांगत नाही, त्यामुळे निम्मे लोक गंजक्या तलवारी पहिल्याच दिवशी टाकून देतात. हीसुद्धा खोटच धरा, चकवा, यादीत घाला.

चकवा

घातली. पण सगळ्याच तलवारी त्याच्यासमोर टाकू नका. मोडायला आलेली रॉयल ब्रॉडस्वर्ड दिलीत तर तो काही करत नाही, त्याला गंजकीच लागते. आणि लायनलच्या पाठीवर चढता आलं तर तिथून मारलेल्या घावांना तलवार अजिबात झिजत नाही, तेवढं मात्र नक्की वापरा.